लांबलेल्या कडीची बादली

मी बादली बोलतेय. लोखंडाची, पंधरा लिटरची, अंगाने ठणठणीत. फक्त कडी जरा लांबलीय. तिचीच तर गोष्ट सांगायचीय.

आजीबाईंनी मला दुकानातून आणलं ते कडी दोन्ही हातांनी ओढून बघूनच. पुढची बारा वर्षं न्हाणीघरात गेली. कपडे, फरशी, पुन्हा कपडे. माझं सगळं जग नळाखालच्या कोपऱ्याएवढं.

आजीबाईंचे यजमान मासेमार, वय एकाहत्तर. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबा म्हणते. घरात रोज वाद एकच, होडी विकायची की नाही. शेवटी आजीबाईंनी अट घातली.

"समुद्रावर तुमची एक जरी चूक झाली, तर त्याच दिवशी होडी विकायची. कबूल?"

"कबूल," म्हणत म्हातारबा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघाले. जाता जाता, पाणी उपसायचा डबा फुटलाय म्हणून, न विचारता मलाच उचललं.

समुद्र पाहून मी हरखून गेले. एवढं पाणी आणि नळ कुठेच नाही.

जाळं ओढून झालं. मासे सोडवत बसायचं म्हणून म्हातारबांनी नांगर टाकला, अगदी झोकात. नांगर गेला, मागोमाग दोर गेला, आणि दोराचं टोकही गेलं. ते होडीला बांधायचंच राहिलं होतं. म्हातारबा पाण्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "घरी बोलू नकोस."

तेवढ्यात जमिनीकडून वारा सुटला. होडी आडवी होऊन खोल पाण्याकडे पळू लागली. वल्ही मारून मारून त्यांचे खांदे भरून आले, तरी किनारा बारीकच होत चालला. तेव्हा त्यांनी जाळ्याचा दोर माझ्या कडीला बांधला, दुसरं टोक होडीच्या पुढच्या खुंटाला बांधलं, दोन्ही गाठी तीन-तीनदा ओढून पाहिल्या आणि मला भिरकावलं.

काय त्या गिरक्या, काय त्या गटांगळ्या. पोटभर समुद्र प्याले. तुडुंब भरल्यावर मी काही हलेना, तशी होडीही आवरली आणि वाऱ्याकडे तोंड करून नीट राहिली. लाटेगणिक कडी कुरकुरायची. भीती वाटत होती, पण मजा त्याहून जास्त येत होती. वर म्हातारबा बेसूर गात होते. दुपार कलल्यावर वारा पडला आणि आम्ही वल्ही मारत घरी आलो.

किनाऱ्यावर आजीबाई उभ्याच होत्या. "माझी बादली कुठाय?"

म्हातारबांनी मला पुढे केलं. आजीबाईंनी लांबलेली कडी पाहिली, मग होडीत डोकावल्या. "नांगर?"

"आहे की. खाली आहे."

"आणि दोर?"

"तोही त्याच्याबरोबरच."

आजीबाई मटकन वाळूत बसल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. म्हातारबांचा चेहरा उतरला. "कबूल केलंय मी. वीक होडी."

"विकायची नाही. उद्यापासून मी येते. गाठी मी मारीन, तुम्ही वल्ही मारा."

"अगं, तुला बोट लागते."

"लागू दे. दुपारभर इथे जीव मुठीत धरून उभी होते, त्यापेक्षा उलट्या परवडल्या. बादली आहे ना."

तेव्हापासून मी होडीतच असते. पहिल्या आठवड्यात माझ्यावर काय काय ओढवलं ते विचारू नका. आता आजीबाईंचं पोट स्थिरावलंय, आणि दोघंही बेसूर गातात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, कडी वाकडी दिसली म्हणून मला कुणी परत नळाखाली नेऊन ठेवू नका.