अडतिसावी डबी

मी एक जुनी डबी आहे. जुनी आहे, पण फारशी वापरलेली नाही, मित्रांनो. आयुष्याची पहिली अकरा वर्षं मी रिकामीच काढली. माझ्या पोटात पंधरा ग्रॅम माल मावतो. उंची तुमच्या अंगठ्याच्या पेराहून जराशी जास्त. रंग पांढरा, म्हणजे तेव्हा पांढरा होता. आता त्याला पांढरा म्हणणं हा तुमचा चांगुलपणा.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्यात झाला. त्याला चार सेकंद लागले. त्यानंतर माझ्या बाबतीत कुणी कधी घाई केली नाही. माझं झाकण पलीकडच्या यंत्रावर जन्मलं. आमची ओळखदेख नव्हती. एका बाईंनी मला डाव्या हातात धरलं, त्याला उजव्या हातात धरलं, दोन फिरक्या दिल्या आणि आमचा संसार सुरू झाला. तो अजून टिकून आहे. आटे थोडे झिजलेत, पण ते कुणाचे झिजत नाहीत?

माझ्याबरोबरच्या हजारो डब्या पोत्यांत भरून कामाला निघून गेल्या. कुणात मलम गेलं, कुणात दंतमंजन. माझी मात्र निवड झाली. निवड होणं चांगलं असतं, असं मला त्या वयात वाटायचं.

निवड झाली ती झाकणकाकांच्या दुकानात बसण्यासाठी. दुकानात विकायला होत्या त्या फक्त रिकाम्या वस्तू: बाटल्या, नळ्या, पुड्या, डब्या. आणि त्याही चिमुकल्या. एखादी नवी वस्तू बाजारात आणायची असली की ती आधी थोडी थोडी फुकट वाटतात. ते थोडं कशात भरायचं, हे ठरवायला लोक काकांकडे येत. काका त्यांच्यापुढे एक लाकडी तबक सरकवत. तबकाला चोवीस खण. माझा खण सतरावा, शेजारी एक फवाऱ्याची बाटली. ती स्वतःला फार समजायची.

तिथे माझं काम एवढंच होतं, की उघडायचं आणि बंद व्हायचं. दिवसाला दहा जणांनी तरी मला उघडलं असेल. प्रत्येक जण आत डोकावून बघायचा, जणू आधीचा माणूस काही विसरून गेला असेल. मग हुंगायचा. रिकाम्या डबीत काय हुंगतात हे मला आजवर कळलेलं नाही. एकजण तर म्हणाला, वास छान आहे, पण जरा उग्र आहे. काकांनी त्याला कमी उग्र डबी दाखवली. ती माझ्याच साच्यातली होती. ती त्याला पसंत पडली.

काका माणूस मोठा शांत. हातात येईल त्याचं झाकण फिरवून बघायची त्यांना सवय, म्हणून हे नाव. आणि त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईकाने काही पसंत केलं की ते विचारायचे, "हे उघडताना माणूस कुठे असेल?" केस धुवायच्या शाम्पूची पुडी घ्यायला एकदा एक टाय लावलेले साहेब आले. काकांनी गल्ल्यावर पाण्याचा वाडगा ठेवला. म्हणाले, हात बुडवा, थोडा साबण चोळा, डोळे मिटा आणि आता पुडी फाडा. साहेबांनी बोटांनी ओढून पाहिली, नखांनी ओरबाडून पाहिली, शेवटी दातांनी फाडली. काका म्हणाले, "चव कशी आहे?" साहेबांनी त्या दिवशी टोपणाची बाटली घेतली.

ही पद्धत काका कधी सोडत नसत. एकदाच सोडली, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्या दिवशी दोघी आल्या, सासू आणि सून. सुनेने टाचांच्या भेगांवरचं एक मलम तयार केलं होतं. मेण, तेल आणि आणखी काहीतरी, जे ती सांगत नव्हती. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून तिने घरच्या ओट्यावर हा उद्योग मांडला होता. त्यातले दोन महिने मलम जमेपर्यंतच गेले. ओटा अर्थातच सासूबाईंचा. त्यांनी अट घातली होती, आणि ती त्यांनी काकांनाही ऐकवली. महिनाअखेरपर्यंत, म्हणजे एकतीस तारखेपर्यंत, एका तरी परक्या माणसाने आपल्या पायांनी घरी येऊन मलम मागायला हवं. नातेवाईक धरायचे नाहीत. शेजारीण धरायची नाही. कुणी आलं नाही, तर पातेली फळीवर आणि सूनबाई ऑफिसात.

"मुलगा काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"तो आमच्या दोघींच्या मध्ये येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं शिकवलंय मी त्याला."

सुनेचं ठरलेलं होतं. एक बूटवाला आपल्या प्रत्येक खोक्यात तिचा नमुना ठेवायला तयार झाला होता. बूट घेणाऱ्याला टाच असतेच, हा तिचा हिशोब. नमुना चपटा हवा, एवढंच बूटवाल्याचं म्हणणं. म्हणून तिला पांढरी पुडी हवी होती. दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती, आणि काका सकाळपासून दुखऱ्या गुडघ्यावर उभे होते. माणूस कुठे असेल, हे त्यांनी विचारलं नाही. "पुड्या? बरं," म्हणाले आणि तीनशे पुड्या बांधून दिल्या. मी तबकात बसून बघत होते. मला बोलता येत असतं तरी मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. अकरा वर्षांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

बारा दिवसांनी दोघी परत आल्या. तुम्ही नवे बूट आणले असतील, तर खोक्यात एक छोटी पांढरी पुडी पाहिली असेल. ओल शोषून घेणारी. खाऊ नका, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही आणि खातही नाही, कागदाच्या बोळ्याबरोबर फेकून देतात. सुनेची पुडीही पांढरीच, तेवढीच, त्याच खोक्यात. दोनशे नव्याण्णव लोकांनी तिचं मलम न बघता केराच्या टोपलीत टाकलं. फोन एकच आला. एका गृहस्थांची पुडी पायाखाली फुटली होती, आणि डावा बूट आतून तेलकट झाल्याबद्दल त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं.

सासूबाई गल्ल्यापुढच्या स्टुलावर बसल्या. सून म्हणाली, चूक माझीच, पुडी मीच मागितली.

काकांनी एका बाटलीचं टोपण उगाच फिरवलं. मग म्हणाले, "मागणाऱ्याची चूक नसते, ताई. विचारायचं काम माझं होतं."

आणि त्यांनी विचारलं. मलम लावल्यावर फरक दिसायला किती दिवस लागतात? सून म्हणाली, पाच, कधी सहा. पुडीत किती दिवसांचं मावत होतं? एकाच दिवसाचं. काकांनी बोटांवर हिशोब केला. म्हणजे ती पुडी कुणी उघडली असती, लावली असती, तरी दुसऱ्या दिवशी टाच तशीच दिसली असती. फेकून दिली तेच बरं झालं, निदान मलमाचं नाव तरी खराब झालं नाही.

मग त्यांनी मला उचललं. आठवडाभर पुरेल आणि आठव्या दिवशी हात रिकामा राहील, असं माप हवं, ते म्हणाले, आणि ते पंधरा ग्रॅम. पंचवीसची डबी दिली तर ती पुढच्या महिन्यापर्यंत संपायची नाही, आणि आपल्याकडे पुढचा महिना नाही. अडचण एकच होती. पंधराचा साचा कारखान्याने केव्हाच मोडीत काढला होता. गेली चार वर्षं मी तबकात बसून लोकांना एक न मिळणारी वस्तू दाखवत होते. हे मला त्या दिवशी कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी दुकान धुंडाळलं. जुन्या तबकांतून, माळ्यावरच्या खोक्यांतून पंधराच्या डब्या काढल्या. एकीत टाचण्या होत्या, एकीत त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या. सगळ्या मिळून सदतीस भरल्या. सासूबाईंनी तबकाकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"ती दाखवायची आहे."

"आता काय दाखवायचं राहिलंय?"

अशी मी अडतिसावी झाले. सतरावा खण रिकामा राहिला. फवाऱ्याची बाटली त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होती.

त्यांच्या घरी मला गरम पाण्याने धुतलं, फडक्यावर पालथं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यात कोमट मलम ओतलं. मित्रांनो, अकरा वर्षं रिकामं राहिल्यावर भरलं जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. जड वाटलं, एवढंच सांगते. काकांच्या सांगण्यावरून नाव-पत्त्याची चिठ्ठी झाकणावर न लावता माझ्या अंगावर लावली. झाकणं एकमेकांत बदलतात, डबी बदलत नाही.

या वेळी बूटवाला नव्हता. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसांकडे जा, असं काकांनी सुचवलं होतं. सून इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहिली आणि पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या नर्सना तिने एकेक डबी हातात दिली. पाय धुऊन झाले की रोज एकदा लावा, एवढंच सांगितलं. मला एका उंच, थकलेल्या सिस्टरबाईंनी घेतलं. बरं म्हणाल्या आणि पर्समध्ये टाकलं.

तिथे मी चार दिवस पडून होते, बसची तिकिटं, एक तुटका कंगवा आणि कुणाच्या तरी रक्ताच्या तपासणीचा कागद यांच्या खाली. या चार दिवसांचं काही करता आलं असतं, असं मला पुढे फार वाटलं. पाचव्या दिवशी कंगवा शोधताना मी त्यांच्या हाताला लागले. त्यांनी मला उघडलं आणि हुंगलं. या वेळी हुंगायला काहीतरी होतं.

त्यांची टाच मी जवळून पाहिली आहे. उन्हाने तडकलेल्या जमिनीसारखी होती. पहिल्या दोन दिवसांत काही झालं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पाय मांडीवर घेऊन पुन्हापुन्हा बोट फिरवलं. सहाव्या दिवशी मोजे घालताना धागा अडकला नाही, तेव्हा त्या एकट्याच हसल्या. आठव्या दिवशी त्यांनी केसांतली पिन काढून माझा तळ खरवडला. नंतर चिठ्ठीवरचा पत्ता वाचला. भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिली तारीख होती.

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात घासलेलं पातेलं होतं. ते फळीवर चढवण्याच्या बेतात त्या होत्या. सिस्टरबाईंनी मला पुढे केलं आणि विचारलं, हे इथेच मिळतं ना?

सासूबाईंनी मला बघितलं. झाकण काढलं, पिनेने खरवडलेला तळ बघितला. मग सिस्टरबाईंना आत घेऊन खुर्ची दिली, चहा टाकला आणि सगळी हकिकत सांगितली. बाकीच्या सदतीस डब्यांचं काय झालं कुणास ठाऊक, पण काल एकतीसपर्यंत कुणी आलं नाही. काल पोरगी सकाळपासून त्या खिडकीशी बसून होती. खाली रस्ता, समोर जिना. जेवलीही तिथेच. आज डबा घेऊन ऑफिसात गेली.

मग त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

"माझं एक काम कराल? काल आला होतात, असं सांगाल तिला? जिन्यापर्यंत आलात आणि उशीर झाला म्हणून परत गेलात."

"पण मावशी, त्या खिडकीशीच होत्या म्हणता ना?"

"तुम्ही सांगा तर. एकतीस म्हणजे एकतीस, असं मी म्हटलं होतं. दिलेला शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही. या वयात ती सवय नको."

सून संध्याकाळी आली. चपला काढतानाच तिला खुर्चीत परकी बाई दिसली आणि बाईंच्या हातात मी दिसले. सिस्टरबाईंनी पाठ केल्यासारखं सांगितलं, काल जिन्यापर्यंत आले होते, उशीर झाला म्हणून परत गेले. इस्पितळात त्या रोज किती जणांना बरं वाटेल म्हणून सांगत असतील, पण हे खोटं त्यांना अजिबात जमलं नाही. कान लाल झाले.

सून सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाई ओट्याकडे तोंड करून काहीच नसलेला ओटा पुसत होत्या.

"हो आई," सून म्हणाली. "काल दुपारी जिन्यात कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं मला."

"वाटलं होतं तर उठून बघायचं," सासूबाई वळून न बघता म्हणाल्या. "पातेलं इथेच खाली ठेवलंय. रविवारी लागेल."

मी तेव्हापासून या घरातच आहे, रविवारची वाट बघत, पुन्हा रिकामी. दमले आहे, पण ते चालायचंच.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा फुकटचा नमुना पडलेला असेल, कपाटात, पर्समध्ये किंवा खोक्याच्या तळाशी. तो एकदा उघडून बघा. आवडला नाही तर तसं कळवा, तेही चालतं. पण न उघडता फेकू नका. तो भरणारं माणूस कुठेतरी खिडकीशी बसलेलं असतं.