खालच्या अंगाचा कारखाना

दसरा झाला की शिरूर कासारकडच्या गावांत एकच विषय असतो: यंदा कुठं? शहरातली नवराबायको पाठीवर पिशव्या अडकवून फिरायला निघतात, तेव्हा त्यांच्यातही हीच चर्चा होत असणार, डोंगर की समुद्र म्हणून. इथं प्रश्न तोच, फक्त पिशवीच्या जागी पेटी, पीठ, पातेली नि कोंबड्या, आणि फिरणं पुरतं उन्हाळा लागेपर्यंतचं. कुठल्या कारखान्याचा ऊस सरळ उभा असतो, कुठले शेतकरी विहिरीवर पाणी भरू देतात, यावर पारावरची जाणती माणसं अशी रंगून बोलतात की नवख्याला वाटावं, मंडळी हौसेनंच निघालीत.

जायचं ते जोडीनं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा इथला हिशेब. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. एकट्या माणसाला टोळी नेणारा मुकादम दारात उभं करत नाही. पण कोयता दोघांचा असला तरी कुठं जायचं हे जोडीतला एकच ठरवतो, आणि तो कोण ते सांगायला नको.

सुग्रीवनं नऊ वर्षांच्या संसारात सत्यभामाला कुठं जायचं म्हणून एकदाच विचारलं होतं. लग्नानंतरचा पहिला श्रावण होता. ती म्हणाली, कपिलधारचा धबधबा बघायचाय. गेले. त्या साली धबधबा कोरडा ठाक होता. दोघांनी दगडावर बसून शेंगदाणे खाल्ले, तिथल्या स्वामींच्या समाधीला हात जोडले आणि मिळेल त्या गाडीनं परत आले. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

यंदा तिनं न विचारता सांगितलं.

दुष्काळाचं हे सलग दुसरं साल. जवळपासच्या सहकारी कारखान्यांनी बॉयलर पेटवायचं नावच काढलं नाही. ऊस होता कुठं? होता नव्हता तो छावण्यांमध्ये जनावरांच्या पुढ्यात गेला होता. त्यामुळं उत्तरेश्वर मुकादमाकडं यंदा दोनच ठिकाणं होती. एक, गेल्या साली गेले होते तोच सांगलीकडचा कृष्णाकाठचा कारखाना. दुसरा त्याच्याही पलीकडं, कर्नाटकात. बाजारच्या दिवसापर्यंत सांगा, ट्रक दोन्हीकडं लागणार आहेत, असं तो सांगून गेला. सुग्रीव म्हणाला कर्नाटक. सत्यभामा भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मला गेल्या सालच्या ठिकानी जायचंय."

चुलीपाशी बसलेली सुग्रीवची आई, छबुबाई, सुनेकडं बघतच राहिली. सून कमी बोलणारी होती. पण का जायचंय हे कुणाला विचारावं लागलं नाही. तिथं राही होती.

राही त्यांची धाकटी. थोरली शाळेत जाते म्हणून आजीजवळ राहायची, ही अंगावर पिती होती म्हणून बरोबर नेलेली. गेल्या साली थंडीत तिला ताप भरला. ट्रक भरायचा राहिला होता, मुकादम म्हणाला, सकाळी दवाखान्यात नेऊ. सकाळी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सुग्रीवनं ज्याचा फड तोडत होते त्याच शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली, खड्डा केला आणि लेकरू मातीत ठेवलं. दुपारी दोघं पुन्हा फडात उतरली. अशा लेकराचा दहावा नसतो, तेरावा नसतो, वर्षश्राद्ध नसतं. बाईला रडायला नेमून दिलेला एकही दिवस नसतो.

"तांब्याभर दूध त्या लिंबाखाली घालीन आन कामाला लागन," सत्यभामा म्हणाली. "दुसरं काय न्हाई मागत."

एवढं साधं मागणं. सुग्रीवला नेमकं तेच नको होतं. पुढचे चार-सहा दिवस त्यानं जी वकिली केली ती ऐकून आईसुद्धा चकित झाली. एरवी तोंडातून शब्द काढायला ज्याला चहा पाजावा लागतो, तो आता उठताबसता कर्नाटकाचे गोडवे गाऊ लागला. तिकडचा ऊस सरळ, सांगलीकडचा लोळलेला. तिकडं कोपीला, राहायच्या पाचटाच्या खोपटाला, जागा उंचावर, सांगलीकडं डास. सत्यभामा प्रत्येक कारणाला उत्तर देत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. ऊस सगळीकडं सारखाच कापतो, म्हणाली. डास कर्नाटकातबी मराठीच माणसाला चावतात. आई मधे पडली, अगं दुधाचं लेकरू ते, त्याच्या मागं जाऊ नये, विसरावं. त्यावर सत्यभामानं हंडा उचलला. पाणी आणायला उठून गेली.

शेवटी सुग्रीव गुपचूप मुकादमाकडं गेला, नाव कर्नाटकच्या ट्रकात घाल म्हणून सांगायला. उत्तरेश्वर खाटेवर पडल्या पडल्या हसला.

"तुझी बायकू सकाळीच येऊन गेली बे. सांगलीच्या गाडीत नाव घाला म्हनली." मग उठून बसत म्हणाला, "एका कोयत्याला दोन तोंडं कशी चालतील? घरी जाय आन ठरवून ये. आज."

सुग्रीव परत फिरला तो घराकडं न जाता सिंदफणेच्या पात्राकडं वळला. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून बायका नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत होत्या. नदी म्हणायची ती सवयीनं. पार दुसऱ्या काठापर्यंत वाळू आणि तिच्यात माणसांनी उकरलेले खड्डे. चालता चालता त्याला लिंबाखालचा खड्डाच दिसत होता.

तो खड्डा रिकामा होता. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं: सुग्रीवला, मुकादमाला आणि शेताच्या मालकाला. लेकरू पुरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालक आला होता. माझ्या वावरात मेलेलं पोर पुरायला कुणाला विचारलं, म्हणाला. काढ, नाहीतर अख्खी टोळी हाकलून देतो. मुकादम जमिनीकडं बघत उभा राहिला. सुग्रीवला त्या मुलखात कोणतंच गाव नव्हतं, की ज्याच्या मसणवट्यात तो हक्कानं जाईल. मातीला सुद्धा गाव लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. सत्यभामा कोपीत पडली होती. दूध थांबत नव्हतं म्हणून छातीला फडकं करकचून बांधलेलं, अंगात कणकण. दिवस मावळताना तो एकटा गेला, माती उकरली, लेकरू धोतराच्या पानात घेतलं आणि नदीवर नेलं. परत येऊन खड्डा बुजवला. वर पहिल्यासारखे दगड रचले.

बायकोला उठबस करता आल्यावर ती रोज काम सुटलं की त्या दगडांपाशी जाऊन बसायची. हंगाम संपेपर्यंत. सुग्रीव लांब उभा राहून तिला रिकाम्या मातीशी बोलताना बघायचा. सांगावं असं पुष्कळदा वाटलं. पण तिला बसायला जागा तरी आहे, ती कशाला काढून घ्या, असं म्हणून तो दरवेळी गप्प बसला. आता तो मालक तिथं असणार. दुधाचा तांब्या घेऊन बाई बांधावर दिसली की तो तोंड उघडल्याशिवाय राहणार नव्हता.

सत्यभामा झिऱ्यात वाकून वाटीनं पाणी उपसत होती. एक वाटी भरायची, ती हंड्यात ओतायची आणि पुन्हा पाणी पाझरायची वाट बघायची. बाकीच्या बायका लांबच्या झिऱ्यांवर होत्या. सुग्रीव तिच्यासमोर वाळूत बसला. मुकादमाकडं गेलतो, म्हणाला. मग मालक आला तिथपासून नदीपर्यंत एका दमात सांगून टाकलं. सांगताना तो तिच्या हाताकडं बघत होता. वाटी थांबली नाही. भरत होती, हंड्यात रिती होत होती.

हंडा निम्मा भरल्यावर ती म्हणाली, "म्हंजी म्या तितं दगडांसंग बोलत व्हते."

सुग्रीव बोटानं वाळू उकरत राहिला.

"कावून सांगितलं न्हाई?"

"तू जगली नसती."

"आता जगते का?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. सुग्रीवला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण नवऱ्यानं असं करायची चाल नाही, म्हणून तो बसून राहिला. त्याला स्वतःचीच किळस आली.

हंडा गळ्याशी आला तेव्हा तिनं वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"पानी व्हातं व्हतं का?"

पाणी वाहत नव्हतं. थंडीच्या दिवसांत तिकडं बंधाऱ्याला फळ्या टाकून नदी अडवतात, उसाला पाणी उपसायला. त्यानं लेकरू सोडलं तिथं, कृष्णेच्या पुलाच्या वरच्या अंगाला, पाणी तळ्यासारखं उभं होतं, हलत सुद्धा नव्हतं. सकाळी धुणं धुवायला बायका येतील, लेकरू वर येईल, कुत्री ओढतील, या धाकानं त्यानं धोतराच्या पानात दगड बांधला होता. चांगला जड बघून. राही जिथं सोडली तिथंच खाली बसली असणार. हे सगळं त्याच्या ओठापर्यंत आलं. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. वर्षभरात ते त्यानं बघितलं नव्हतं, आणि ते विझवायची त्याच्यात ताकद नव्हती.

"व्हातं व्हतं," तो म्हणाला. "लई पानी व्हतं."

"कुठं जातं ते पानी?"

"खाली. कर्नाटकात."

"तुमी म्हनता तो कारखाना त्याच नदीवर हाय?"

"त्याच. खालच्या अंगाला."

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. त्यानं हंडा उचलून दिला. "मग तिकडंच जाऊ," ती म्हणाली, आणि काठ चढायला लागली. वाटेत मुकादमाच्या दाराशी तीच थांबली. हंडा डोक्यावर तसाच ठेवून तिनं कर्नाटक म्हणून सांगितलं, आणि कोपीला जागा नदीच्या कडेची बघा, एवढं वर सांगितलं. उत्तरेश्वरानं सुग्रीवकडं बघून डोळा घातला. शेवटी नवऱ्याचंच खरं झालं, असं त्याला वाटलं.

निघेपर्यंतच्या दिवसांत सत्यभामा बदलली. थोरलीच्या केसांना तेल लावलं. शेजारणीशी दोन शब्द बोलली. सुग्रीवला एकदा विचारलं, असं सोडलेलं लेकरू पाण्याबरोबर किती लांब जात असंल? तो म्हणाला, लांब जातं. मग काठाला लागत असंल का कुठं? लागत असंल, तो म्हणाला. एक खोटं दुसऱ्याला जन्म देतं म्हणतात. इथं तर रोज नवं बाळंतपण होतं. खरं सांगायला प्रत्येक दिवस कालच्यापेक्षा अवघड होत होता, आणि बायको इतक्या दिवसांनी पोटभर जेवत होती.

ट्रक निघाला. पेट्या, कोंबड्या, गोधड्या आणि त्यांवर माणसं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गाडी कृष्णेच्या त्याच पुलावर चढली. कर्नाटकाची वाट तिथूनच जाते. सुग्रीवला हे माहीत होतं, तरी पूल आल्यावर त्यानं गाडीचा कठडा धरला. वरच्या अंगाला बंधारा होता. फळ्या टाकलेल्या. हिरवं, उभं पाणी. काठाला बायका धुणं धूत होत्या.

मोठी नदी आली की पुलावरून पैसा टाकायचा, ही रीत. ट्रकातल्या बायका कनवटी सोडायला लागल्या. कुणी रुपया टाकला, कुणी दोन, आणि हात जोडले. काही नाणी बंधाऱ्याच्या बाजूला पडली. एका म्हातारीनं सत्यभामाला कोपरानं ढोसलं, टाक की गं.

सत्यभामानं पदराची गाठ सोडून नाणं काढलं होतं. बंधाऱ्याकडं तिची पाठ होती. ती पुलाच्या दुसऱ्या बाजूला, नदी जिकडं जाते तिकडं बघत होती. तिकडं नुसते खडक होते आणि त्यांच्यामधून एक बारीक धार. तिनं नाणं मुठीत आवळलं.

"इथं न्हाई," ती म्हातारीला म्हणाली. "आमचं लेकरू खाली हाय."

मग तिनं सुग्रीवला विचारलं, अजून किती लांब राहिलं. पूल अजून संपला नव्हता. त्यानं एकदा बंधाऱ्याकडं बघितलं.

"लांब हाय अजून," तो म्हणाला.