सोळाला दहाने भागले तर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहिले असते तरी ओळखले नसते. मी एक जुनी फाईल आहे, संगणकातली, जेमतेम सत्तर ओळींची. फिनलंडच्या पूर्व टोकाला, तळ्याकाठच्या एका लहानशा कचेरीत राइया हाल्मे नावाच्या बाईने मला लिहिले.

हिवाळ्यात तळे गोठले की माणसे त्यावरून बेटांवर ये-जा करतात. काठावरच्या पेट्या बर्फाची जाडी कळवायच्या आणि तिच्या सेंटीमीटरांना दहाने भागून येणारा आकडा आमचा प्रोग्राम रस्त्यावरच्या पाटीवर दाखवायचा. एक म्हणजे पायी जा, दोन म्हणजे हलकी गाडी चालेल.

पुढे प्रोग्राम लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती आली. शब्द तेच, पण काहींचे अर्थ फिरले. जुनीत सोळाला दहाने भागले की उत्तर एक. उरलेले सोडून द्यायचे. नवीत उत्तर एक पूर्णांक सहा, आणि पाटी जवळचा पूर्ण आकडा धरणारी, म्हणजे दोन! कचेरीने नवी आवृत्ती घेतली, पेट्यांत मात्र जुनीच राहिली. म्हणून राइयाने मला मध्ये बसवले. भागाकार कोणत्याही आवृत्तीत होवो, उरलेले मी टाकून द्यायची. अकरा हिवाळे मी हे काम केले, आणि एकदाही माझे कौतुक झाले नाही. आमच्याकडे कौतुक करणे म्हणजे आगाऊपणा समजतात.

राइयाचा धाकटा भाऊ कालेर्वो मासेमार. पूर्वी तो बर्फावर पाऊल टाकण्याआधी लोखंडी पहार आपटून पाहायचा. पुढे त्याने पहार घरी ठेवली. म्हणायचा, "आमच्या ताईची पाटी खोटं बोलत नाही."

राइया निवृत्त झाली. शेवटची जुनी पेटीही बदलली गेली. राइयाच्या जागी आलेला लास्से जुन्या फायलींच्या साफसफाईला लागला आणि माझ्यापाशी थांबला. माझ्या डोक्यावर राइयाने एकच ओळ लिहिली होती: 'हे काढू नका.' का, ते लिहिले नव्हते. आमच्याकडची माणसे एका वाक्यात भागत असेल तर दुसरे बोलत नाहीत.

"राइयाला विचार की," शेजारचा तुओमो म्हणाला.

"कशाला छळू बिचारीला? आणि ती सांगणार काय? 'हं' म्हणेल आणि फोन ठेवेल."

"तेही खरंच."

"जुनी भाषा मेली रे. मढ्याला किती दिवस कवटाळून बसायचं?"

त्याने मला काढले आणि चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास! का नसतील? त्यांतले आकडे राइयानेच घातले होते: दहा, वीस, तीस. दहाने नि:शेष भाग जाणारे. माझी गरज लागेल असा एकही आकडा तिने ठेवला नव्हता. मला राग लास्सेचा येतो, तेवढाच तिचाही येतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी बर्फ सोळा सेंटीमीटर होते आणि पाटीवर दोन होते. कालेर्वो जळाऊ लाकडे गाडीत भरून बेटाकडे निघाला. काठावरच्या लोकांनी गाडीचे मागचे दिवे पाण्याखाली पेटलेले पाहिले. त्याला बाहेर काढायला दुपार झाली, आणि तोवर उशीर झाला होता.

दफनानंतर सगळे कॉफीला बसले. लास्से राइयासमोर येऊन उभा राहिला.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं. बस. कॉफी घे."

एवढेच. दोघे मान खाली घालून कॉफी प्यायले. इतके थोडे बोलणाऱ्या लोकांचा मला वीट आला आहे, मित्रांनो.

काढलेल्या फायलीही जुन्या नोंदींत पडून असतात. राइयाने मला तिथून उठवले आणि पुन्हा जागेवर बसवले. जुने काढू नका असे मी म्हणत नाही. काढा, पण ते कशाला होते हे आधी विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मोकळेपणाने बोला, उद्या तुम्ही तिथे नसाल. आता माझ्या डोक्यावर राइयाच्या चाळीस ओळी आहेत. सोळाला दहाने भागले तर काय होते, हे तिने बारकाईने समजावले आहे, कालेर्वोचे नाव मात्र कुठेच नाही. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, किती छान लिहिलंय!