उरलेली अकरा पानं

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण खडूने लिहायची नव्हे. माझ्यावर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. दुकानात मला ई-रीडर म्हणत. ‘पाटी’ हे नाव मला शिवणकाकूंनी दिलं, आणि कुणी नाव विचारलं तर मी तेच सांगते.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे शिंकायलासुद्धा बंदी होती. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा पडदा बसवला. त्या पडद्यामागे काळ्या-पांढऱ्या रंगाचे अगदी बारीक कण आहेत. पान उलटलं की ते खालीवर होतात आणि नवी अक्षरं उभी राहतात. एकदा उभी राहिली की त्यांना वीजही लागत नाही. म्हणून माझं पोट एकदा भरलं की मी आठवडेच्या आठवडे चालते. मला स्वतःचा उजेड नाही. कागदावर पडतो तसा बाहेरचा उजेड माझ्यावर पडतो आणि तेवढ्यावर माझं भागतं.

दुकानाच्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी मोठमोठे फोन मांडलेले होते. त्यांच्या अंगावर रंगीत मासे पोहत, गाड्या धावत. मी आपली करड्या अंगाची, मुखदुर्बळ. तरीही माझ्या बहिणींना गिऱ्हाईक मिळत होतं. एक निवृत्त हेडमास्तर आले. “घरात आणखी एक पुस्तक आलं तर एक तर ते राहील नाही तर मी, असं बायकोने बजावलंय,” म्हणाले आणि एकीला घेऊन गेले. सहा महिन्यांसाठी जहाजावर निघालेला एक खलाशी दुसरीला घेऊन गेला. एक बाई म्हणाल्या, “फोनवर वाचायला बसते आणि तासाभराने बघते तर कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो चाळत असते. मला दुसरं काहीच न येणारं यंत्र द्या.” त्यांनी तिसरीला नेलं. उरले मी.

मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण आला. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं.

“हिच्यावर सिनेमा दिसतो?” त्याने विचारलं.

“नाही.”

“फोन करता येतो?”

“नाही.”

“मग ही करते काय?”

“वाचता येतं.”

“एवढंच?”

“एवढंच,” दुकानदार जरासा ओशाळून म्हणाला.

तरुणाने मला उजव्या हातात घेतलं, हात पुढे धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. हात भरून येतो का ते तो बघत होता. शेवटी अंगठ्याने एक पान उलटून बघितलं आणि म्हणाला, “द्या.”

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याची आई, म्हणजे शिवणकाकू, तीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्याच हातचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं थकली, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सकाळी, त्या डायलिसिसला जात. चार तास एका खुर्चीत बसायचं. डाव्या हातात दोन सुया. त्यांतून रक्त बाहेर जातं, यंत्रात स्वच्छ होतं आणि परत येतं. तो हात तसूभरही हलवायचा नाही. आदल्या आठवड्यात काकूंच्या मांडीवरचं ग्रंथालयाचं जाडजूड पुस्तक घसरलं. तीस वर्षांची सवय, पडणारं कापड पटकन सावरायची. डावा हात पुढे गेला, सुई निसटली, फरशीवर रक्त सांडलं. सिस्टरने पुस्तकालाच बंदी घातली. म्हणून मी आले. एका हाताने धरता येते, अंगठ्याने पान उलटता येतं, खिडकीतून ऊन आलं तरी अक्षर फिकं पडत नाही. आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, हे काकूंना सगळ्यात आवडलं. “बारीक टाके घालून डोळे गेले माझे,” त्या म्हणायच्या.

पुस्तकं मुलाने भरली. त्याचा आणि वाचनाचा छत्तिसाचा आकडा. म्हणून त्याने जी जाड होती ती निवडली. “चार तास पुरली पाहिजेत ना,” तो म्हणाला. पहिलंच निघालं मधमाश्या पाळण्याचं. काकूंनी तेही अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं.

“तीस वर्षांत मला कुणी चार तास सलग स्वस्थ बसू दिलं नाही,” त्या एकदा सिस्टरला म्हणाल्या. “आता सुया टोचून बसवलंय, तर बसून घेते.”

बाजूच्या खुर्चीत टँकरवाले असायचे. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. ते चार तास छताकडे बघत आणि दर दहा मिनिटांनी किती वाजले ते विचारत.

एक दिवस ते म्हणाले, “ताई, मघापासून बघतोय. तुम्ही एकट्याच हसताय. आम्हालाही कळू द्या की.”

“पुस्तक आहे, भाऊ.”

“पुस्तकात हसण्यासारखं असतं?”

काकूंनी ते पान मोठ्याने वाचलं. मग पुढचं. ती एका पुलाची कादंबरी होती. एक हट्टी इंजिनिअर दूरच्या नदीवर पूल बांधत असतो. गावातली निम्मी माणसं पैजा लावतात की पहिल्या पुरात तो जाणार. त्याचा स्वतःचा भाऊसुद्धा पूल जाणार म्हणून पैज लावतो. सहाशे पानांची गोष्ट. टँकरवाल्यांनी किती वाजले ते विचारायचं सोडलं. उलट ते मध्ये मध्ये लेखकालाच झापायचे.

“उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये घालतो? लिहिणाऱ्याने कधी स्टिअरिंग धरलंय का?”

“भाऊ, तुम्हाला ऐकायचंय की चालवायचंय?”

“वाचा, वाचा.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. मला तोंड नाही. पण त्या दिवसांत माझ्यातली अक्षरं एका माणसाच्या आवाजात दुसऱ्या माणसापर्यंत पोचत होती.

आम्ही पुस्तकाच्या चौसष्ट टक्क्यांवर होतो. कादंबरीत पाणी चढत होतं. तेवढ्यात काकूंचा मुलगा धावत आत आला. कामावरून तसाच, हात न धुता.

“आई, मोठ्या हॉस्पिटलातून फोन आलाय. तुझ्यासाठी किडनी मिळालीय. आत्ता निघायचंय.”

काकूंच्या हातातून मी मांडीवर पडले. सिस्टरने यंत्र थांबवलं, सुया काढल्या. सगळा हॉल बघत होता. काकू रडत होत्या. कुठल्या तरी घरात कुणी तरी गेलं होतं म्हणून हा फोन आला होता, हे त्यांना कळत होतं. टँकरवाले मोठ्याने म्हणाले, “जा ताई, जा. पूल कुठे पळून जात नाही.”

“येते, भाऊ,” काकू म्हणाल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काकू बऱ्या झाल्या. आणि मी शिवणयंत्राच्या खालच्या खणात गेले. सोबत मोजपट्टी, बटणांचा डबा आणि बिघडलेलं थर्मामीटर.

मला कुणी मुद्दाम टाकलं नव्हतं. चार तास बसायची गरज संपली, तशी माझीही संपली. महिनाभरात माझं पोट रिकामं झालं. डोक्यावर यंत्राची घरघर सकाळपासून सुरू असायची. ती ऐकली की कळायचं, काकूंच्या अंगात बळ आलंय. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो व्हायचाही. पण अंधारात एकट्याने केलेला आनंद लवकर संपतो. बटणं एकमेकांवर वाजायची. माझ्याशी कुणी वाजत नव्हतं.

तीन महिने काकूंना गर्दीत जायची मनाई होती. चौथ्या महिन्यात ती मनाई उठली. तरी त्या हॉलकडे फिरकल्या नाहीत. एकदा मुलाने विचारलं तेव्हा यंत्र थांबलं आणि मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

“मी धडधाकट होऊन तिथे उभी राहू, आणि त्यांनी नळ्या लावून माझ्याकडे बघायचं? कुठल्या तोंडाने जाऊ रे?”

यंत्र पुन्हा सुरू झालं.

असे अकरा महिने गेले. मग एक दिवस सिस्टरच घरी आली. तिला गणवेश कमरेत सैल करून हवा होता. माप देता देता ती म्हणाली, “काकू, तुमचे टँकरवाले अजून मला विचारतात हो, पूल राहिला की गेला. मला काय ठाऊक? मी आपलं म्हटलं, राहिला. तर म्हणतात, ‘सिस्टर, थापा मारू नका, तुम्ही वाचलेलं नाही.’”

सिस्टर हसली. काकू हसल्या नाहीत. ती गेल्याबरोबर खण उघडला आणि इतक्या दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. काकूंनी बटण दाबलं. मी काही जागी झाले नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, पदराने पुसलं, पुन्हा दाबलं.

“मेली की काय ही?” त्यांनी मुलाला हाक मारली.

मुलाने माझ्या चार्जिंगच्या भोकातला कापसाचा पुंजका सुईने काढला, मला वायर लावली आणि दुपारभर माझ्यापाशी बसून राहिला. संध्याकाळी माझ्या पडद्यावर एक काळी झाक आली आणि मागोमाग तेच पान उभं राहिलं. चौसष्ट टक्के. पाणी चढत होतं.

गुरुवारी काकू तोंडाला मास्क बांधून हॉलमध्ये गेल्या. टँकरवाले त्याच खुर्चीत होते, पण अंगाने निम्मे झालेले. साखरेने त्यांची नजर नेली होती.

“कोण?”

“मी, भाऊ. शिवणकाकू.”

टँकरवाले म्हणाले, “सुटलात ना तुम्ही? मग आता इथे कशाला?”

टँकरवाल्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. काकूंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि वाचायला लागल्या. आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू येत होता. एक पान झालं, दोन झाली, तीन झाली.

“जोरात वाचा,” भिंतीकडे बघतच टँकरवाले म्हणाले. “या यंत्रांच्या घरघरीत काय ऐकू येतंय?”

त्यानंतर काकू दर गुरुवारी जाऊ लागल्या. एकदा शिवणकामाची घाई होती म्हणून त्यांनी मला तिथेच ठेवून जायचं ठरवलं. माझी अक्षरं इतकी मोठी केली की एका पानावर चारच शब्द मावत होते. मला टँकरवाल्यांच्या हातात दिलं.

“काय दिसतं, भाऊ?”

“ढग,” ते म्हणाले. “काळे ढग दिसतात.”

त्या दिवशी मला माझी लायकी कळली, मित्रांनो. माझ्या पोटात शेकडो पुस्तकं मावतात. शेजारी स्टूल ओढून बसणं मला जमत नाही. काकूंनी मला परत घेतलं आणि वाचत बसल्या. शिवण पडून राहिली.

थंडीचे दिवस आले. एका गुरुवारी आम्ही अगदी शेवटाशी आलो. पूर आला होता, इंजिनिअरचा भाऊ पुलावर धावत निघाला होता. अकरा पानं उरली होती आणि टँकरवाल्यांचा अर्धा तास बाकी होता.

“आज संपवूनच टाकू,” काकू म्हणाल्या.

“नको.”

“का हो? वर्षभर तर मागे लागला होतात.”

“राहू द्या,” टँकरवाले म्हणाले. त्यांचा भोंगा आता नुसता श्वासासारखा वाजत होता. “संपलं की तुम्ही यायच्या नाहीत.”

“वेडे का तुम्ही? दुसरं पुस्तक लावू.”

“बघू. गुरुवारी बघू.”

उरलेला अर्धा तास काकू काही न वाचता तिथेच बसल्या. मी त्यांच्या मांडीवर होते. दोघांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आणि टँकरवाल्यांच्या नातीच्या दातांबद्दल गप्पा मारल्या.

पुढच्या गुरुवारी त्या खुर्चीवर नवी चादर होती. टँकरवाले सोमवारीच गेले होते. सिस्टरने काकूंना पाणी दिलं. काकू स्टुलावर बसल्या. त्यांनी मला उघडलं, त्या पानाकडे पाहिलं आणि परत मिटलं. त्या उठायच्या बेतात असताना एका तरुण बाईला आणून त्या खुर्चीत बसवलं. टपाल कचेरीत काम करणारी, पहिलाच दिवस, रडून डोळे सुजलेले. सुया लागल्यावर तिने काकूंकडे पाहिलं.

“तुम्ही कुणाबरोबर आलात?”

“मी? मी वाचायला येते,” काकू म्हणाल्या. “वाचू का काही?”

ती नुसती मान हलवून हो म्हणाली. काकूंनी दुसरं पुस्तक उघडलं.

याला आता चार वर्षं झाली. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेलाय, पान उलटायला मी वेळ लावते. काकू अजून दर गुरुवारी मला घेऊन जातात. पुष्कळ पुस्तकं वाचून झाली. पुलाच्या पुस्तकाची ती अकरा पानं मात्र त्यांनी उघडली नाहीत, आणि कुणाला उघडूही दिली नाहीत. पूल राहिला की गेला, हे मला ठाऊक आहे. पण कुणी पान उलटल्याशिवाय मला बोलता येत नाही. तो शेवट मी एकटीच सांभाळून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण खणात पडली असेल तर तिला बाहेर काढा. महिनोन्महिने उपाशी राहिली तर ती कायमची मरूही शकते. तिला वायर लावा, पडद्यावर ओझं ठेवू नका. आणि कुणाला ‘येतो’ म्हणून सांगून आला असाल, तर लाज वाटत असली तरी जा. काकूंना वाटत होती तशी लाज वाटली तरी जा. अकरा महिने लावू नका. खुर्चीत माणूस आहे तोवर जा.