सोल्वेगचं कुलूप

माझी बायको सोल्वेग काउंटीच्या ऑफिसात नाल्यांचे नकाशे काढायची. तिथला सर्व्हर मी सांभाळतो. ती वारली तेव्हा गूझ क्रीक नाल्याचा नकाशा तिच्या कॉम्प्युटरवर उघडाच राहिला होता. त्या फाइलवर कुलूप तिचं. बाकीच्यांना ती बघता येई, बदलता येत नसे.

नकाशाच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. त्याच नावाने तो छापावा, एवढंच मी आमच्या वरिष्ठ मार्लिसकडे मागितलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. तोवर कुलूप होतं.

सोल्वेगच्या जागी आलेला ब्रॉडी रोज टोमणे मारी. "आर्लन, तुमच्या मिसेस काही फाइल सोडत नाहीत बुवा!" तिला पुरून आल्यावर याच माणसाने चर्चच्या तळघरातल्या जेवणात हॉटडिश दोनदा वाढून घेतली होती.

मंगळवारी डिस्क बदलायला सर्व्हर बंद करावा लागला. पुन्हा सुरू झाला की तो थोडा वेळ कोणालाच नवीन कुलूप देत नाही. आधी ज्यांची कुलपं होती, त्यांचे कॉम्प्युटर येऊन आपापली मागून घेतात. मग बाकीच्यांची पाळी.

एकेकाचा कॉम्प्युटर येत गेला. सोल्वेगचा आला नाही. जुना आहे, सावकाश येईल, म्हणून मी ही थांबायची मुदत वाढवली. पुन्हा वाढवली.

मार्लिस दाराशी आली. "सगळे हात बांधून बसलेत. कोणाची वाट बघतोयस?"

"एक कॉम्प्युटर यायचाय."

"कोणाचा?"

मी मुदत आणखी वाढवली.

"आर्लन, पुरे रे आता." ती मऊ आवाजात म्हणाली, त्याचाच जास्त राग आला.

मी सोल्वेगच्या टेबलापाशी गेलो. कॉम्प्युटरची वायर जमिनीवर पडली होती. सॉकेटमध्ये ब्रॉडीचा हीटर.

"सर्व्हर बंदच होता ना," पाय शेकत तो म्हणाला. "लावू का परत?"

"राहू दे."

एकदा विझून उठलेल्या कॉम्प्युटरला आपलं काय होतं ते आठवत नाही. तो काय मागणार?

मी परत येऊन मुदत संपवली. गूझ क्रीकवर लगेच ब्रॉडीचं कुलूप चढलं.

संध्याकाळी फाइल बघितली. नाल्याच्या एकाही रेषेला त्याने हात लावला नव्हता. कोपऱ्यातलं नाव तेवढं बदललं होतं.