आजचा धोका

कामाला हात लावण्याआधी गोल उभं राहून त्या दिवशीचा धोका मोठ्याने बोलायचा, हा रिवाज जपानमधल्या आमागासाकीच्या बांधकामावर कुरेमात्सु मुकादमाने कधी चुकू दिला नाही. मग पाऊस असो, बर्फ असो, नाहीतर आदल्या रात्रीच्या साकेच्या दारूने कुणाचं डोकं धरलेलं असो. आधी कर्ण्यावर लागणाऱ्या पियानोच्या सुरावर हातपाय हलवून व्यायाम करायचा, मग टोळीने फळ्याभोवती कोंडाळं करायचं, एकेकाने आपल्याला सुचेल तो धोका सांगायचा, आणि शेवटी सगळ्यांनी फळ्याकडे बोट रोखून एका आवाजात ‘योशी’ म्हणायचं, म्हणजे बघितलं, समजलं, ठीक आहे. लोखंडी सांगाडे उभे करणारी ही माणसं. खांबावर खांब, तुळईवर तुळई चढवत आभाळाकडे जाणारी, आणि वीतभर रुंदीच्या लोखंडावरून अंगणातून चालावं तशी चालणारी. पण खरं सांगायचं तर सकाळच्या त्या बोलण्यात कुणाचं मन नसे. पायाखाली बघा, डोक्यावर बघा, कमरेच्या पट्ट्याचा आकडा दोराला अडकवा, तेच ते. बोट फळ्याकडे आणि लक्ष चहाकडे.

कुरेमात्सुच्या हाताखाली आजवर एकही माणूस पडला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतः कमी बोले, लोकांकडून जास्त वदवून घेई. जिभेला हाड नसलेला माणूस. चुकलेल्याला चारचौघांत असा सोलून काढायचा की पडलेलं परवडलं असं त्या बिचाऱ्याला वाटावं. सगळ्यांत जास्त बोलणी खायचा तो हातोरी, त्याचा जावई. हातोरी चपळ, हसरा आणि थोडा दाखवेगिरी करणारा. तुळईच्या टोकाशी उभं राहून विडी पेटवणारा. सायो ही मुकादमाची एकुलती एक लेक, तिला सातवा महिना लागला होता. कामावर मुकादम जावयाला गाढव म्हणे, पण तो वर चढला की याचा श्वास तो खाली येईपर्यंत अडकलेला असे, हे टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

रोक्कोच्या डोंगरावरून हिवाळ्याचा वारा उतरू लागला त्या सुमारास इवादारे आला. बोल्ट आवळायला माणूस कमी पडला म्हणून दुसऱ्या टोळीकडून मागून घेतलेला. मुकादमाच्याच वयाचा, सडपातळ, नीटनेटका, आणि पाठ फिरवली की चेहरा आठवू नये असा. त्या टोळीने एवढा चांगला कारागीर इतक्या आनंदाने कसा सोडला, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

पहिल्या सकाळी त्याची वेळ आली तेव्हा तो फळ्याकडे न बघता सोनोदाकडे बघत म्हणाला, “उत्तरेकडची तुळई. वाऱ्याने उलटी फिरेल. सोनोदाचा उजवा हात.”

सगळ्यांच्या माना सोनोदाकडे वळल्या. मग हातोरी म्हणाला, “अरे वा, जोशीबुवा आले की. सोनोदाच्या हातावरच्या रेषा तिथून दिसतात वाटतं तुम्हाला?”

सगळे हसले. सोनोदा जाडजूड आणि तापट. तो बाजूला थुंकला. “माणसांची नावं घेऊ नकोस रे,” मुकादम म्हणाला. “धोका सांग, धोका.”

दुपारी क्रेनने उत्तरेकडची तुळई वर आणली. सोनोदाने ती खांबाशी लावायला हात पुढे केला, आणि सकाळचं बोलणं आठवून, मनातल्या मनात शिव्या घालत, मागे घेतला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. तुळई गरकन फिरून खांबावर आदळली, बरोबर तिथे, जिथे त्याचा हात असायला हवा होता. तो आवाज खालच्या माणसांच्या दाढांपर्यंत गेला. सोनोदा जेवायला खाली आला तेव्हा भातावरचं लोणचं त्याला चॉपस्टिकने उचलता येईना.

काही दिवसांनी इवादारेने कुगाचं नाव घेतलं. कुगा शिट्टी वाजवून आणि हात हलवून क्रेनवाल्याला इशारे करायचा. त्या काळी कामावर बोलायची यंत्रं आलेली नव्हती. इवादारे म्हणाला, “पाण्याच्या पिंपाशी. वरून पाना पडेल. कुगाचं डोकं.” कुगा दिवसभर पिंपाकडे फिरकला नाही, तहानलेला राहिला. संध्याकाळी पाना पडला आणि पिंपाचा तळ फोडून जमिनीत रुतला.

त्यानंतर सकाळचा रंगच बदलला. बाकीचे आपापला धोका भराभरा उरकून टाकत आणि सगळ्यांचे कान इवादारेकडे लागत. त्याने नाव घेतलं तो दिवसभर जमिनीवरची कामं करी. ज्याचं घेतलं नाही तो सुटला. सुटला म्हणजे कसा, तर पट्ट्याचा आकडा कमरेला नुसता लोंबत ठेवून, हात खिशात घालून तुळईवरून चालायला मोकळा. कुरेमात्सुने एकदा मान वर केली तर हातोरी सगळ्यांत वरच्या तुळईवरून असाच रमतगमत चाललेला. खाली उतरवून त्याच्या कानाखाली वाजवली, तर गाल चोळत तो म्हणतो कसा, “पण आज माझं नाव कुठे घेतलंय त्यांनी, मुकादम?”

मुकादमाच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्याबरोबर त्याला चीडही आली. तिशी उलटलेला बाप्या, बाप व्हायला निघालेला, आणि जीव टांगलाय कुणाच्या तरी तोंडावर. जो माणूस काल आला, त्याच्या एका शब्दाने टोळी हलते, आणि इतकी वर्षं घसा फोडणारा मी कोण, असंही त्याला वाटलंच. नाही कशाला म्हणायचं. दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्याबरोबर त्याने इवादारेला मध्ये बोलावलं.

“गुडघे टेक.”

जमीन रात्रीच्या थंडीने दगडासारखी झालेली होती. इवादारेने गुडघे टेकले.

“माणसांना भीती घालून मोठेपणा मिरवतोस? कपाळ टेक. आणि सगळ्यांसमोर कबूल कर, की इथून पुढे कुणाचं नाव घेणार नाही. बाकीचे बोलतात ते बोलायचं. पायाखाली बघा. बस.”

इवादारेने कपाळ टेकलं. मुकादमाने बुटाचा तळवा त्याच्या हेल्मेटवर ठेवला. जोर दिला नाही, नुसता ठेवला. हातोरी हसला, म्हणून दुसरेही हसले. सोनोदा आणि कुगा मात्र दुसरीकडे बघत राहिले. इवादारे जमिनीशी तोंड ठेवून म्हणाला, “नाव घेणार नाही. कबूल.”

उठल्यावर त्याच्या कपाळावर माती होती. ती त्याने दिवसभर पुसली नाही.

पुढे रोज त्याची वेळ आली की तो म्हणे, “पायाखाली बघा.” सगळे फळ्याकडे बोट रोखून योशी म्हणत. आकडे पुन्हा अडकू लागले, मुकादमाचा जीव भांड्यात पडला. आणि मग एका सकाळी “पायाखाली बघा” म्हणताना इवादारेची नजर सोनोदावर जरा जास्त वेळ राहिली. दुपारी पूर्वेकडची तुळई फिरली. सोनोदा खांबाला मिठी मारून ओरडत होता. त्याला चौघांनी खाली आणलं. हातमोजा वरच राहिला, खांब आणि तुळईच्या फटीत, आणि तो रिकामा नव्हता.

हात उजवाच होता.

कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीत मुकादमाने इवादारेला गाठलं. तो पायजम्याची घडी घालत होता.

“तुला दिसलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो की, मुकादम. पायाखाली बघा म्हणालो.”

मुकादमाला त्याचा गळा धरावासा वाटला, पण हात उचललाच गेला नाही.

त्या दिवसापासून कुरेमात्सुच्या जिवाला घोर लागला. सकाळी इवादारे तेच शब्द बोले आणि मुकादम शब्द न ऐकता त्याचे डोळे बघे. ते कुणावर थांबतात? काल कुगावरून पुढे सरकले. आज हातोरीवर थांबले की काय? थांबलेच. नाही, वाऱ्याने त्याला डोळे मिटावे लागले असतील. सायोच्या घरी जेवायला गेला तर ती पोटावर हात ठेवून विचारी, “बाबा, माशाला चव नाही का?” आणि तो मान हलवून भात गिळत राही. जावयाला त्याने एकदा सुचवून पाहिलं, की थोडे दिवस खालचं काम कर. हातोरीचं तोंड उतरलं. “मुकादमाचा जावई म्हणून घाबरून खाली बसलाय असं लोक म्हणतील, बाबा. त्यापेक्षा मी टोळी सोडतो.”

शेवटच्या मजल्याचं लोखंड आलं त्या सकाळी शंका घ्यायला काही उरलं नाही. इवादारे हातोरीकडे बघत होता, सरळ, प्रेमळ म्हणावं अशा नजरेने, आणि बघता बघता म्हणाला, “पायाखाली बघा.” मुकादमाने वाऱ्याचं निमित्त करून दिवसभर वरचं काम बंद ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत इवादारे लाकडांच्या ढिगामागे एकटा डबा खात बसला होता. मुकादम त्याच्यासमोर गेला, इकडेतिकडे बघितलं, आणि गुडघे टेकून कपाळ मातीला लावलं.

इवादारे जेवत राहिला. मॅकरेल माशाचा एकेक काटा काढून झाकणावर ठेवत, शेवटच्या शितापर्यंत जेवला, चहा प्यायला, डबा फडक्यात बांधला. मग म्हणाला, “उठा. गुडघे दुखतील.”

“तो आहे का? एवढंच सांग. हातोरी आहे का?”

“नाव घेणार नाही असं कबूल केलंय मी. कपाळ टेकून. तुम्हीही आत्ता टेकलंत, तुम्हाला ठाऊक, टेकून केलेलं मोडता येत नाही.”

“मी सोडतो तुला त्यातून. हवं तर सगळ्यांसमोर सोडतो. पाय ठेव माझ्या डोक्यावर.”

“नको. बूट मळलेत.” तो जरा विचार करून म्हणाला, “असं करा. उद्या माझ्याऐवजी तुम्ही बोला. टोळी तुमची, जावई तुमचा. तुमचं मन सांगेल ते नाव घ्या. तुमचं ऐकतील सगळे.”

इतकं सोपं होतं तर. मुकादम घरी जाताना रस्त्यात एकटाच हसला. नाव घेतलेल्या माणसाला आजवर काही झालं नव्हतं. सोनोदाला झालं ते नाव न घेतल्यामुळे. आणि नाव जाहीर झालं, की खाली राहण्यात हातोरीला कमीपणाही नव्हता.

दुसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. इवादारेची वेळ आली तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. कुरेमात्सु म्हणाला, “दक्षिणेकडची वरची तुळई. हातोरीचा पाय.”

त्याला काही दिसलं नव्हतं. दिसल्यासारखं त्याने बोलून दाखवलं, आणि ते इतकं छान जमलं की त्याच्याच अंगावर काटा आला. हातोरी हसायला गेला, पण सोनोदाच्या रिकाम्या जागेकडे बघून त्याचं हसू ओसरलं. त्याने मान वाकवली. सगळ्यांनी बोटं रोखली आणि योशी म्हटलं.

मुकादमाने त्याला जमिनीवरचं सगळ्यांत निर्धास्त काम दिलं. क्रेनला लटकलेली तुळई हेलकावू नये म्हणून तिला बांधलेला लांब दोर दूर उभं राहून धरायचा, एवढंच. लटकत्या लोखंडाखाली जायचं नाही हे तर त्याला मिसरूड फुटल्यापासून माहीत. हातोरीच्या जागी कुरेमात्सु स्वतः वर चढला. पुष्कळ दिवसांनी चढला होता. वारा पडलेला, लांब बंदराचं पाणी चकाकतंय, आणि खाली दोर धरून उभा असलेला जावई बोटाएवढा. मुकादमाने आकडा अडकवला. त्याला फार हलकं वाटत होतं. पोरगा झाला तर नाव काय ठेवायचं, इथपर्यंत त्याचं मन पोचलं.

त्याच तुळईच्या दुसऱ्या टोकाला इवादारे बोल्ट आवळत होता. खाली कुगाची शिट्टी झाली आणि शेवटची तुळई जमिनीवरून सुटून सावकाश वर येऊ लागली.

“मुकादम,” हात न थांबवता इवादारे म्हणाला, “दक्षिणेकडची तुळई कुठून काढलीत?”

“का?”

“हातोरी मला वरच दिसला होता. इथे, तुम्ही उभे आहात तिथे. सुखरूप होता. म्हणून तर मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. ओरडत होता बिचारा.” त्याने पाना काढून पुढच्या बोल्टला लावला. “क्रेनची तार सुटली आणि तुळई पडली ती खालच्या माणसावर. दोर धरलेला. हेल्मेट होतं, त्यामुळे तोंड काही दिसलं नाही मला.”

कुरेमात्सुने खाली बघितलं. तुळई अर्ध्या वाटेवर होती, शांत, जराही न हलता. हातोरी नेमून दिलेल्या जागी दूर उभा होता. मुकादमाने छाती फुटेल इतक्या जोराने हाक मारली, दोर सोड म्हणाला, मागे हो म्हणाला, लेकीचं नाव घेऊन मागे हो म्हणाला. क्रेनच्या घरघरीत ते कुगापर्यंत पोचलं नाही. हातोरीपर्यंत मात्र काहीतरी पोचलं. त्याने मान वर केली, सासऱ्याला हात हलवताना बघितलं, कानामागे पंजा धरला. आणि नीट ऐकू यावं म्हणून दोर हातात गुंडाळत चार पावलं पुढे, लटकत्या तुळईच्या खाली येऊन उभा राहिला.