सासऱ्यांचा जीपीएस

सासऱ्यांनी ते यंत्र तळहातावर घेतलं, उलटं केलं, पाठीमागची रबरी वाटी अंगठ्याने दाबून पाहिली आणि मग सरळ कानाला लावलं.

"काका, तो फोन नाहीये," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "हा गाडीच्या काचेला चिकटवायचा. तो तुमच्याशी बोलतो. तुम्ही त्याच्याशी नाही."

"म्हणजे एकतर्फी कारभार," सासरे म्हणाले आणि यंत्र परत ठेवलं.

जावई हसला नाही. त्याला कामाला जायचं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि एका दवाखान्याची लिफ्ट सकाळपासून दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसली होती. आज काहीही झालं तरी जीपीएस घेऊनच बाहेर पडायचं, असं त्याने ठरवलं होतं. सासरे दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून लेकीकडे जेवायला यायचे आणि दर रविवारी रस्ता चुकायचे. मग फोन यायचा. मग त्याची बायको हातातलं काम टाकून, फोन कानाशी धरून, बापाला एकेक वळण सांगत घरापर्यंत आणायची. त्यात कधी अर्धा तास जायचा, कधी त्याहून जास्त. जेवण गार व्हायचं. तेही एक वेळ चाललं असतं, पण मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या गाडीच्या दाराला भलामोठा पोचा आला. "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं," ते म्हणाले होते. जावयाला ते पटलं नव्हतं. एका हातात चाक, दुसऱ्या हातात फोन आणि वय झालेलं. दुसरं काय होणार?

"याचा पडदा मोठा आहे," मुलीने दुसरा डबा उघडला. "आवाजही खणखणीत. आणि रस्त्यात गर्दी असली तर हा आपण होऊन दुसरा रस्ता सुचवतो."

"हेच पाहिजे," जावई म्हणाला.

"वळण चुकलं तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर नवीन रस्ता काढून देतो."

"ओरडत नाही?"

"नाही हो, काका."

"कितीही वेळा चुकलं तरी?"

"कितीही वेळा."

"सोशिक आहे," सासरे म्हणाले. "आमच्या घरात असं एकच माणूस होतं."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंना जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. सासरे मात्र पडद्यावरच्या निळ्या बाणाकडे बघत होते. मुलगी बोटाने भराभर एकेक पान सरकवत होती. सगळ्यात जवळचा रस्ता, सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता, टोल चुकवणारा रस्ता.

"आणि लांबचा?"

"लांबचा रस्ता कुणी मागत नाही, काका," ती हसून म्हणाली. मग तिने हातचा राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकावा तसं सांगितलं, "आणि यात घरच्यांसाठी खास सोय आहे. तुम्ही आत्ता कुठे आहात, गाडी चालू आहे की उभी, सगळं तुमच्या मुलीला तिच्या फोनवर दिसत राहतं. घरबसल्या."

"वा!" जावई म्हणाला. "म्हणजे फोनच करायला नको."

सासऱ्यांनी हात मागे घेतला. आयुष्यभर बेकरीत राबलेला माणूस. भट्टीतल्या पत्र्याला चुकून बोट लागावं तसा त्यांनी हात मागे खेचला होता.

"हे नको."

"बाबा, हीच तर खरी कामाची गोष्ट आहे. तिच्या जिवाला घोर लागतो."

"ती म्हणाली तसं?"

जावई अडखळला. ती तसं कधीच म्हणाली नव्हती. "म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंच की."

"जावईबापू, बाकी सगळं तुमच्या मनासारखं घ्या. पडदा मोठा घ्या, आवाज मोठा घ्या. एवढं एक मला नको."

एरवी सासरे कशालाच नाही म्हणायचे नाहीत. पानात पडेल ते खायचे, दाखवाल तिथे बसायचे. जावई क्षणभर गोंधळला. काउंटरमागच्या मुलीनेच मध्ये पडून तोडगा काढला. ती सोय बंदही ठेवता येते, घ्या हाच. जावयाने मान डोलावली, पण डबा पिशवीत घालताना त्याच्या मनात वेगळंच होतं. यंत्र तोच बसवून देणार होता. बसवताना ती सोय गुपचूप चालू करून ठेवायची. यांना कळणार कुठे? आणि बायकोच्या डोक्याचा ताप तर जाईल.

रविवारी जेवणाच्या सुमारास फोन वाजला. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार ओढून घेतलं. जावई बाहेरच्या खोलीत ताटं मांडत होता. यंत्राचा डबा तिथेच पडला होता.

"आता कुठे आहात, बाबा?... जुन्या पुलापाशी? तिथे कसे गेलात?... बरं, काय दिसतंय समोर?"

मग ती ऐकत राहिली. मग हसली. जावयाने चमचे मांडता मांडता त्या हसण्याकडे कान दिला. "हिरवा? अख्खं फाटक हिरवं? आणि तो माणूसही?... नाही हो, आईला नसतं आवडलं. आई म्हणाली असती, भिंतीला उरला म्हणून फाटकाला फासला."

असं बराच वेळ चाललं. पुलावरून डावीकडे, मग शाळेवरून सरळ, आणि मधेच आईच्या गुडघ्यांची गोष्ट, शेजारच्या मांजरीची पिल्लं, लहानपणी ती कोणत्या फ्रॉकसाठी रडली होती ते. जावयाला वाटलं, कसली ही बिचारीला शिक्षा!

सासरे वर आले ते नेहमीसारखेच. हातात फडक्यात गुंडाळलेला, घरी भाजलेला पाव. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"आलात?"

"आलो."

"उकडतंय ना?"

"आहे थोडं."

संपलं. आता जेवण होईपर्यंत दोघांच्या तोंडाला कुलूप. जावयाला याची सवय झाली होती. लग्नाच्या नव्या नवलाईत त्याने बायकोला एकदा विचारलं होतं, तुमचं काही बिनसलंय का? ती म्हणाली होती, "नाही रे. बाबा रात्रभर भट्टीवर असायचे आणि दिवसा झोपायचे. मी शाळेतून आले की आई खुणेनेच सांगायची, आवाज करू नकोस. आम्हाला बोलायला जमलंच नाही कधी. माझं त्यांना आणि त्यांचं मला, सगळं आईच सांगायची."

"बाबा, चावी द्या. अन्न गरम होतंय तोवर जीपीएस लावून येतो," जावई म्हणाला.

"जेवून जा की. घाई काय आहे?"

"पाच मिनिटांचं काम."

सासऱ्यांनी चावी द्यायला जरा वेळ लावला. "मागच्या गल्लीत आहे," ते म्हणाले. "पुढे जागा नव्हती."

मागच्या गल्लीत एका बंद छापखान्याच्या भिंतीला लागून गाडी उभी होती. जावयाने सवयीने बॉनेटवर हाताची पालथी बाजू टेकवली. कामावर तो हेच करायचा. मोटर चालून किती वेळ झाला, ते आधी हाताला कळायचं, मग बाकीच्या तपासण्या. त्याने हात उचलला, पुन्हा टेकवला. मग खाली वाकून इंजिनाच्या जवळ नेला.

गाडी थंडगार होती. जुना पूल, शाळा, बाजाराचा चौक, एवढं सगळं फिरून आत्ता पोचलेली गाडी ही नव्हे. ही कधीची इथे उभी होती.

त्याने दार उघडलं. शेजारच्या सीटवर थर्मास होता आणि त्याच्या झाकणात तळाला चहाचा घोट उरलेला. वर्तमानपत्राची चौकोनी घडी, तीत जवळजवळ भरत आलेलं शब्दकोडं, त्यावर चष्मा. पाठीला टेकायला एक छोटी उशी. घरातून निघताना कुणी विचार करून घेतलेलं सामान होतं ते. दाराचा पोचा त्याने आत्ता नीट पाहिला. गल्ली अरुंद होती. उभ्या गाडीला कुणीही घासून जावं इतकी अरुंद.

जावई चालकाच्या सीटवर बसला. बसल्यावर त्याला समोर काय दिसतं ते कळलं. छापखान्याची भिंत, दुसरं काही नाही. हिरवं फाटक नाही, रंगाने माखलेला माणूस नाही, पूल तर नाहीच नाही. या भिंतीकडे बघत म्हातारा आठवडाभर जमवलेल्या गोष्टी लेकीला सांगत होता.

त्याने रबरी वाटी काचेवर दाबली. यंत्र सुरू झालं, गोड आवाजात नमस्कार म्हणालं आणि पडद्यावर विचारू लागलं, तुमचा ठावठिकाणा घरच्यांना दाखवायचा का? जावयाने 'नाही' दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की का? त्याने पुन्हा दाबलं, जरा जोरातच.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. हे पाहुणं आता काचेवर बसणार. पुढच्या रविवारी सासरे कोणत्या तोंडाने रस्ता चुकणार? त्याला वाटलं, यंत्र काढून घ्यावं, बिघडलंय म्हणून सांगावं. पण मग म्हातारा ओळखेल, की याला कळलं. आणि एकदा कळलंय हे कळलं, की पुन्हा तो फोन येणार नाही. पोरांनी मेहनतीने रचलेल्या पत्त्यांच्या घरापाशी चुकून पाय पडावा तसं त्याला झालं होतं.

वर जेवणं सुरू झाली. तिघांच्या चमच्यांचा आवाज तेवढा होत होता.

"बसला का?" बायकोने विचारलं.

"बसला." जावई पाणी प्याला. "पण खरं सांगू का बाबा? मला वाटलं होतं तेवढा काही तो हुशार नाही."

सासऱ्यांचा हात ताटात थांबला.

"आपल्या बाजूचे बरेच रस्ते त्यात नाहीतच. उड्डाणपूल नाही, एकेरी केलेले रस्ते नाहीत. मी लावून पाहिलं, तर मला म्हणे नदीतून सरळ जा." खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. कान तापले होते. "तिकडे तुमच्या बाजूला वापरा. इकडे आलात की त्याच्या नादी लागू नका. बाजूला घ्या, गाडी उभी करा आणि सरळ हिला विचारा."

"एवढे पैसे टाकून आणलंस आणि..." बायको म्हणाली.

"असतात अशी यंत्रं. लिफ्टचंही तसंच. नवीन आहे म्हणून तिच्यावर विसंबायचं नसतं."

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पावाचा कडेचा खरपूस तुकडा उचलला आणि जावयाच्या ताटात ठेवला.

पुढच्या रविवारी जावई सकाळपासून अस्वस्थ होता. त्याने दोनदा घड्याळ पुसलं. बायकोने विचारलं, आज काय धूळ काढायचा दिवस आहे का? जेवणाची वेळ झाली. फोन वाजत नव्हता. दारही वाजत नव्हतं. आपलं बोलणं म्हाताऱ्याला कळलं नसेल, की नको इतकं कळलं असेल? लोणच्याची बरणी त्याने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केली.

फोन वाजला.

"हां बाबा," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. "काय म्हणतं तुमचं यंत्र?... नदीतून? अगंबाई! नका हो त्याचं ऐकू. मी सांगते ना. समोर काय दिसतंय?"

घाईत दार पुरतं लागलं नव्हतं. जावई ते लावायला म्हणून पुढे झाला आणि तिथेच थांबला.

बायको खिडकीपाशी उभी होती. फोन एका कानाशी, कोपर चौकटीवर टेकलेलं. ती खाली बघत होती. "तळं? त्यात बदकं? किती?... मग तिथून डावीकडे घ्या. सावकाश." तिच्या खांद्यावरून जावयाला मागची गल्ली दिसली, छापखान्याची भिंत दिसली आणि भिंतीला लागून उभी असलेली ती गाडी दिसली. गाडीच्या खिडकीतून सासऱ्यांचा हात बाहेर आलेला होता आणि बदकं किती होती ते बोटांनी मोजून दाखवत होता.

बायकोने मागे वळून पाहिलं. ती दचकली नाही. डोळे ओले होते, तोंडावर हसू होतं. तिने जरा बाजूला सरकून त्याला खिडकीत जागा करून दिली.

"नाही, बाबा, मी नाही कंटाळत," ती फोनमध्ये म्हणाली. "पण तळ्यावरून म्हणजे अजून बरंच लांब आहे."

जावयाने हात लांब करून शेगडी बंद केली.